कमरेचा तिसरा मणका

१

"किरणं चुकीच्या जागी पडली, तर तुम्हाला कळतं कसं?"

हा प्रश्न मुळात माझा नाही. डब्याच्या सुट्टीत माझ्या दोन मैत्रिणींनी तो माझ्या गळ्यात मारला. वक्तृत्व स्पर्धेची ढाल मिळाल्यापासून मी जरा जास्तच बोलते असं त्यांचं मत आहे, आणि ते खोटं नाही. "एवढं तोंड आहे ना, मग तुझ्या मामाच्या डॉक्टरीणबाईंना हे विचारून दाखव," एक म्हणाली. दुसरीने लगेच पैज लावली, "नाही विचारणार. वर्गात वाघीण, दवाखान्यात शेळी."

म्हणून गुरुवारी दुपारी साडेचारला मी तो विचारला. डॉक्टरीणबाई टेबलाच्या पलीकडे, मामा मधल्या खुर्चीत, आणि आई माझ्या दंडाला चिमटा काढत शेजारी.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता झापणार. पण त्या म्हणाल्या, "लगेच कळत नाही. आणि उशिरा कळून उपयोग नसतो. म्हणून आम्ही आधीच दहादा बघतो."

"पोरकट आहे ती, मनावर घेऊ नका," आई म्हणाली.

तेवढ्यात मामा बोलला. अगदी हळू, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल सांगतोय.

"मॅडम, मी हे तिसऱ्यांदा सांगतोय. माझं दुखतं ते खाली. तुम्ही शेकताय ते वर."

मॅडमनी फाइल पुढे ओढली. 

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. दुकानांच्या पाट्या रंगवतो. शिडीवर चढून, हाताने, पट्टी न लावता. दोन वर्षांपूर्वी त्याची एक किडनी काढली, गाठ होती म्हणून. आपण सुटलो असं सगळ्यांना वाटलं. या वर्षी पाठ दुखायला लागली, आणि त्या गाठीचं बी कमरेच्या एका मणक्यात जाऊन रुजलंय असं निघालं. मणका एकच. म्हणून अगदी नेमकी किरणं द्यायची, पाच वेळा, फक्त त्या एका हाडावर. घरात आम्ही त्याला शेक म्हणतो. हाड वेळेत शांत झालं नाही, तर आतल्या नसांची जुडी दाबली जाईल आणि पाय जातील, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं.

तीन शेक झाले होते. चौथा सोमवारी सकाळी अकराला. आणि बुधवारपासून चालताना मामाची डावी चप्पल मागे राहायला लागली होती.

"शेकानंतर काही दिवस दुखणं वाढतं," मॅडम म्हणाल्या. "दुखणं सरकतंही. आणि थोडा मनाचाही भाग असतो. मी चित्र पुन्हा बघितलंय. जागा बरोबर आहे."

"असेल," मामा म्हणाला.

मामा हे म्हणाला. ज्याने एका बँकेच्या साहेबाला तोंडावर सांगितलं होतं की तुमच्या पाटीचा निळा रंग बघून माणूस पैसे काढून घेईल, तो मामा. परतताना गाडीत खिडकीकडे तोंड करून त्याने मला विचारलं, "भोंग्या, मी उगाच कुरकुर करतो का गं?"

भोंगा म्हणजे मी. माझ्या आवाजावरून.



२

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी एकटीच दवाखान्यात गेले. सोबत वही आणि एक धादांत खोटं : विज्ञानाचा प्रकल्प आहे. प्रकल्प म्हटलं की मोठी माणसं मऊ होतात, हे मी सहावीतच शिकले.

शेकाचा विभाग तळघरात आहे. एक लांब गल्ली, दोन बाकडी, आणि शेवटच्या खोलीत ज्यांना सगळे मिलिमीटर म्हणतात ते. किरणांचं गणित करणारे फिजिसिस्ट. सडपातळ, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, आणि बोलण्यात मिलिमीटरशिवाय दुसरं माप नाही. पहारेकरी सांगत होता की ते चहासुद्धा "दोन मिलिमीटर कमी भर" असा सांगतात. तोंडावर त्यांना मी सर म्हणते.

"चित्र कसं जुळवतात ते दाखवा ना सर."

त्यांना असं कुणी कधी विचारलं नसावं. खुर्ची ओढून दिली.

गोष्ट अशी आहे. चित्रं दोन असतात. पहिलं इथलंच, सीटी. शेक ज्या कडक फळीवर देतात तशाच फळीवर झोपवून काढलेलं. त्यात हाडं ठळक दिसतात आणि किरणांचं सगळं गणित त्याच्यावरच होतं. पण मामाची गाठ त्यात दिसतच नव्हती, कारण ती हाडाच्या आतल्या मगजात होती. दुसरं चित्र एमआरआय, रस्त्यापलीकडच्या सेंटरमधलं. त्यात गाठ लख्ख दिसते, पण त्यावर गणित होत नाही. मग दोन्ही चित्रं कॉम्प्युटरमध्ये एकावर एक ठेवायची, हाडाला हाड जुळवायचं, आणि गाठ दुसऱ्यातून पहिल्यात उतरवून घ्यायची.

"ट्रेसिंग पेपरसारखं," मी म्हणाले.

"ट्रेसिंग पेपर हलतो," मिलिमीटर म्हणाले. "हे दीड मिलिमीटरच्या आत आहे."

त्यांनी पडद्यावरची एक पट्टी सरकवली. एका टोकाला करडी हाडं, दुसऱ्या टोकाला काळपट चित्र आणि त्यात एका मणक्याच्या पोटात पांढरा डाग. मधे आणलं की दोन्ही एकमेकांत विरघळायची. मणक्यावर मणका असा बसत होता की मला कौतुकच वाटलं. मामाच्या आत एवढा सुंदर जिना आहे हे मला माहीतच नव्हतं.

फक्त एका ठिकाणी, दोन मणक्यांमधल्या फटीत, कडा दुहेरी दिसत होती. छापताना कागद सरकला की दिसते तशी.

"हे काय?"

"झोपण्यातला फरक. तिकडे गादी, इकडे फळी. कंबर थोडी वेगळी वाकते. चालतं तेवढं."

"म्हणजे चूक नाही?"

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. प्रकल्पाचं सोंग तिथेच गळून पडलं असावं.

"तू त्या पाट्यावाल्यांची भाची ना? हे बघ बाळ. एमआरआयचा रिपोर्ट म्हणतो, कमरेचा तिसरा मणका. मी मोजला, तिसरा. तिसऱ्यावर तिसरा ठेवला, मग कॉम्प्युटरने बारीक जुळवलं. रोज शेकाआधी पुन्हा तपासतो. यात चूक शिरायला जागा कुठे आहे, तू सांग."

मी वही मिटली. दाराशी पोचले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

"खरंच ते खाली दुखतंय म्हणतात? किती खाली?"

"दोन-तीन बोटं."

"बोटं," ते स्वतःशीच म्हणाले, आणि पडद्याकडे वळले.

३

रहस्यकथा वाचून वाचून माझा असा समज झाला होता की कुणीतरी खोटं बोलत असणार. खोटं बोलणारा सापडला की संपलं. गल्लीत सीटी काढणारी ताई भेटली आणि तिने माझी नजर टाळली, तेव्हा माझ्या मनात वाजलंच, हीच ती.

तिला बाकड्यावर गाठलं. पांढरा कोट, हातात बिस्किटाचा पुडा. एक मला दिलं, एक स्वतः घेतलं.

"मामांचं चित्र तुम्हीच काढलंत ना?"

"मीच." बिस्किट तोंडापर्यंत गेलंच नाही. "का? काही झालं का त्यांना?"

"काही लपवू नका ताई."

हे वाक्य मी घरी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला एकदम मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फळीवर त्यांना सरळ झोपताच येत नव्हतं गं. ओठ चावत होते. वरून खालपर्यंत चित्र घेत होते मी, आणि अगदी शेवटी, कमरेखाली आल्यावर, कळ आली आणि ते हलले. खालचा भाग अस्पष्ट आला. पुन्हा घ्यायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून झोपवायचं. मी सरांना विचारलं, गाठीची जागा आलीय ना? ते म्हणाले, आलीय, वर-खाली जागाही सोडलीय. मग खालचा खराब तुकडा काढून टाकला. नियमाने मी पुन्हा घ्यायला हवं होतं का? हवं होतं. पण तू बघितलं असतंस ना त्यांना, तर तूही नसतं घेतलंस."

मी वहीत लिहिलं : ताई. दया आली. खालचा तुकडा नाही. पुढे प्रश्नचिन्ह काढलं, पण प्रश्न काय ते मलाच माहीत नव्हतं.

"मग त्या चित्रात काय काय आहे?"

"छातीच्या शेवटच्या फासळ्या, आणि त्याखाली कमरेचे मणके. पाच दिसतात. मग चित्र संपतं."

कमरेला मणके पाचच असतात, हे आम्हाला पुस्तकात आहे. म्हणजे सगळं आलं की. माझी पहिली गुन्हेगार हातातून निसटली, आणि वर तिचं बिस्किटही मी खाल्लं होतं.

४

शनिवारी अर्धी शाळा. रस्त्यापलीकडच्या एमआरआय सेंटरमध्ये रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर अंधाऱ्या खोलीत तीन पडद्यांसमोर बसतात आणि दिवसभर बाहेर येत नाहीत. काउंटरवरच्या मुलीने त्यांना घुबड म्हटलं, आणि मग जीभ चावली.

घुबड मजेशीर निघाले.

"माझ्यावर संशय आहे? छान. आठवड्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला भेटायला आलं."

"तिसरा मणका, असं लिहिलंय तुम्ही. कशावरून?"

"मोजून."

"नक्की?"

"कारटे, हे आमचं पोट भरायचं साधन आहे." त्यांनी मामाचं चित्र उघडलं. उभा चिरलेला जिना, मधे तो पांढरा डाग. "कमरेच्या तळाशी हे तिकोनी हाड. ते कधी चुकत नाही. त्याच्या वरचा पाचवा. त्याच्या वरचा चौथा. त्याच्या वरचा तिसरा. गाठ इथे. झालं?"

"खालून वर मोजता?"

"मग काय वरून? आमच्या या चित्रात फासळ्या येतच नाहीत. मधलाच पातळ काप असतो. दिसतं ते तळाचं हाड, तिथूनच सुरुवात."

मी पुन्हा मोजलं. काचेला बोट लागलं म्हणून ओरडा खाल्ला, पण मोजलं. पाच, चार, तीन. बरोबर.

घरी येताना मी मिलिमीटरना फोन केला. आईच्या फोनमधून नंबर ढापला होता.

"सर, तुम्ही मणका कुठून मोजता?"

"शेवटच्या फासळीपासून खाली. पहिला, दुसरा, तिसरा. का?"

"काही नाही."

एक खालून मोजतो, तिसरा. एक वरून मोजतो, तिसरा. पाचांत मधला तिसराच, दोन्हीकडून. मला वाटलं होतं इथे काहीतरी फुटेल. काहीच फुटलं नाही. उलट आणखी घट्ट बसलं.

त्या दिवशी घरी पोचले तर मामा दारात उभा होता, भिंतीला धरून. चप्पल दोन पावलं मागे पडली होती आणि ती उचलायला वाकता येत नव्हतं, म्हणून तो तिच्याकडे नुसता बघत होता. मी चप्पल त्याच्या पायात घातली. तो म्हणाला, "पाय झोपलाय जरा." मी म्हणाले, "हो."

५

रविवारी मी सगळं एका पानावर लिहून काढलं. मॅडम खरं बोलल्या. मिलिमीटर खरं बोलले. ताई तर रडून खरं बोलली. घुबडांनी मोजून दाखवलं. आणि मामा म्हणतोय खाली दुखतं. पाच माणसं, पाचही खरी. मग मामाचं दुखणं मनाचं, एवढंच उरत होतं. कुठल्याच पुस्तकात मी असं पाहिलं नव्हतं की सगळेच्या सगळे निर्दोष आहेत आणि तरी रोज थोडा थोडा खून होतोय.

बाबांना सांगून पाहिलं. ते वर्तमानपत्रामागून म्हणाले, "बाळा, त्यांनी आयुष्य घातलंय त्यात. तू दहावीत आहेस." आई म्हणाली, "देवाच्या नावाने उद्याचा शेक नीट होऊ दे, डोक्याला ताप देऊ नकोस." ढाल कपाटावर ठेवली होती. तिच्याकडे बघून मला हसू आलं. बोलायला येणं आणि कुणी ऐकणं, यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

दुपारी मामाच्या खोलीत गेले. तो कुशीवर, डोळे मिटून. झोपलेला नव्हता. झोपलेला माणूस उशीची कड मुठीत धरत नाही.

"मामा, कोडं घालू?"

"घाल. तेवढंच बरं."

त्याच्याबद्दल आहे हे मी सांगितलं नाही. त्याच्याच धंद्यातलं करून घातलं.

"एक शिडी आहे. एक माणूस वरून मोजत येतो आणि तिसऱ्या पायरीवर खूण करतो. दुसरा खालून मोजत जातो आणि तिसऱ्या पायरीवर खूण करतो. दोघंही बरोबर मोजतात. तरी खुणा दोन वेगळ्या पायऱ्यांवर. कसं?"

मी हे कोडं म्हणून घातलं खरं, पण मला स्वतःला उत्तर माहीत नव्हतं. ते अशक्य आहे, असंच माझं मत होतं.

मामाने डोळेही उघडले नाहीत.

"शिडी सहा पायऱ्यांची आहे."

"काय?"

"पाचची असती तर दोघं एकाच पायरीवर भेटले असते. सहाची असली की वरून तिसरी ती खालून चौथी. अगं, हे काय कोडं आहे? शिडी आधी मोजायची असते. मग चढायचं." थोडं थांबून म्हणाला, "कोण बावळट न मोजता चढला?"

 वरून फासळ्या दिसणारं चित्र, ज्याचा तळ कापलाय. खालचं तिकोनी हाड दिसणारं चित्र, ज्यात फासळ्या नाहीत. अख्खी शिडी कुणी पाहिलीच नव्हती. पाच असतात म्हणून सगळ्यांनी पाच धरल्या होत्या.

"भोंग्या? गप्प का झालीस?"

"काही नाही. बरोबर आहे तुझं."

"चला," तो म्हणाला, "काहीतरी बरोबर आलं या आठवड्यात."

६

मिलिमीटर रविवारी फोन उचलत नाहीत. सोळा वेळा लावला. मॅडमच्या घरचा नंबर कुणाकडे नाही. आईला सांगायला गेले तर "एका कोड्यावरून? एका कोड्यावरून चौथा शेक थांबवायचा?" म्हणून ती रडायलाच लागली.

सोमवारी मी शाळेत गेलेच नाही. दप्तरासकट तळघरात. साडेदहाला मामाला आणलं, कपडे बदलून गाऊन घालून बाकड्यावर बसवलं. त्याने मला पाहिलं आणि भुवया उडवल्या. मी ओठांवर बोट ठेवलं. अकराला वीस मिनिटं होती.

मिलिमीटर जिन्याने खाली आले. मी वाट अडवून उभी राहिले.

"सर, त्याला सहा असतील तर?"

"काय सहा?"

"मणके."

ते चिडतील, हसतील, पहारेकऱ्याला हाक मारतील, याची मी तयारी ठेवली होती. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. ते तसेच उभे राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा होत गेला. ज्याला हे आधीपासून माहीत असतं त्याचाच होतो तसा.

"सहावा असतो काही जणांना," ते म्हणाले. "शिकवलेलं असतं आम्हाला हे."

"बघता कसं येईल? एकाला तळ नाही, एकाला फासळ्या नाहीत."

 सीटीच्या खोलीतून ताई बाहेर येत होती, उत्तर तिने दिलं.

"पहिलं लांबडं चित्र आहे की."

चित्र काढायच्या आधी मशीन माणसाचा एक लांबलचक साधा फोटो घेतं, मानेपासून मांडीपर्यंत. कुठून कुठवर काढायचं हे त्यावर रेघ मारून ठरवायला. रेघ मारली की त्याचं काम संपलं. तो जुळवणीत येत नाही, गणितात येत नाही, पुन्हा कुणी उघडत नाही. पण पुसतही नाहीत.

तिघं पडद्यासमोर. करडा, पुसट, अख्खा मामा. मिलिमीटरनी पेनाचं टोक शेवटच्या फासळीवर ठेवलं आणि खाली आणलं. एक. दोन. तीन. चार. पाच. मग पेन थांबलं. खाली अजून एक होता, आणि त्याच्या खाली तिकोनी हाड.

पुन्हा मोजलं. मग ताईला मोजायला लावलं. मग मला.

"ती दुहेरी कडा," मी म्हणाले. "फटीतली."

"हो."

"गादीमुळे नव्हती."

"नाही."

गाठ वरून चौथ्यात होती. तीन शेक तिसऱ्यात गेले होते. धडधाकट हाडात, मिलिमीटरभरही न चुकता.

ते उठले, गल्लीत गेले, आणि मशीनजवळच्या यादीतलं मामाचं नाव खोडलं. मामाला कुणीतरी सांगितलं की आज मशीन बंद आहे.

"बिचारं मशीन," मामा म्हणाला, आणि गाऊनची नाडी सोडायला लागला.

७

दुपारी मॅडमच्या खोलीत आम्ही पाच जण. मॅडम, मिलिमीटर, आई, बाबा, मी. मामा घरी, शेजारच्या काकूंच्या देखरेखीखाली.

मॅडमनी काही लपवलं नाही. नवीन चित्र उद्या, पूर्ण, फासळ्यांपासून तळापर्यंत. नवीन गणित, नवीन शेक गुरुवारपासून. "पण," त्या म्हणाल्या, आणि त्या पणपाशी थांबल्या. शेजारच्या मणक्याला तीन शेक गेले, तेव्हा मधल्या नसांनाही थोडे पोचले आहेत. नसा किती सोसतात याला मर्यादा असते. म्हणून खऱ्या जागी आता ठरवलं होतं तेवढं देता येणार नाही. "कमी देऊ. उपयोग होईल असं वाटतं. पायाचं मी आज सांगू शकत नाही."

"म्हणजे चूक कुणाची?" बाबांनी विचारलं.

"माझी," मिलिमीटर म्हणाले. त्याच क्षणी मॅडमही म्हणाल्या, "माझी." आणि मला सीटीवाली ताई आठवली, आणि घुबड, आणि हे सगळं इतकं नकोसं झालं. एखादा चोर असता तर किती बरं झालं असतं. आम्ही त्याच्यावर ओरडलो असतो. इथे समोर एक माणूस वरचं बटण लावून बसला होता आणि टेबलावरची फाइल पुन्हा पुन्हा सरळ करत होता.

"मला त्यांना भेटून सांगायचंय," मिलिमीटर म्हणाले. "माफी मागायचीय."

"नाही," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"त्याला सांगायचं नाही. कुणीच नाही. त्याला कळलं तर तो पुन्हा त्या फळीवर पाठ टेकणार नाही, मी ओळखते त्याला. मग उरलेलंही जाईल."

"हे बघा, मी खोटं सांगणार नाही," मॅडम म्हणाल्या. "नवीन शेकासाठी त्यांची सही लागेल. त्यांनी का विचारलं, तर मी सांगेन."

"तो विचारणार नाही," आई म्हणाली.

हे मात्र खरं होतं. तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

घरी आलो तेव्हा मामा खुर्चीत ताठ बसला होता. त्याला ताठ बसवत नाही. काकूंना वाईट वाटू नये म्हणून बसला असणार. आईने विचारलं, "दुखतंय का रे?" तो म्हणाला, "छे, आता फारसं नाही. मॅडम म्हणाल्या ते बरोबर, मनाचंच असणार. त्यांना सांग, मी उगाच त्रास दिला." आणि हसला. कपाळावर घामाचे थेंब होते.

आई "बरं" म्हणाली. नुसतं बरं. आणि स्वयंपाकघरात गेली. बाबा तिच्यामागे गेले. मीही गेले आणि दार लोटून घेतलं.

आई ओट्याला टेकून उभी होती. बाबा नळ उघडून उगाच स्वच्छ ग्लास धूत होते.

"आई, बाबा, मी ठरवलंय," मी म्हणाले. माझा आवाज भोंग्यासारखा नव्हता, पण ऐकू जाईल इतका होता. "उद्या सकाळी मी मामाला सगळं सांगणार आहे."

"सांगून त्याचे पाय परत येणार आहेत का?" बाबा म्हणाले.

"नाही येणार."

"आणि त्याने फळीवर झोपायला नकार दिला तर?" आईचा आवाज फाटला. "ते तू निस्तरशील?"

"मला नाही माहीत. कदाचित देईल नकार. मी त्याच्या हातापाया पडेन, तुम्हीही पडा. पण दुखतंय म्हटल्यावर आपण कुणीच त्याचं ऐकलं नाही, आणि आता तो स्वतःचंसुद्धा ऐकत नाहीये. त्याला बरं करणं माझ्या हातात नाही. आई, तुझ्याही नाही. तो पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता, एवढं त्याला सांगणं मात्र आहे. तुम्ही दोघं शेजारी बसलात तर मला धीर येईल. नाही बसलात, तरी मी सांगणार."